गाळलेल्या पाण्याची भीती

पाण्याचे किस्से कोणी ठरवून साठवत नाही. ट्रेक संपतो, घरी येऊन आपण सॅक रिकामी करतो, कपडे धुवायला टाकतो, आणि चार दिवसांनी व्हॉट्सअॅपवर कोणीतरी लिहितं, "ताई, त्या दिवशीचं ते पाणी..." झालं! एक किस्सा जमा. आमचा पेण-रोह्याचा ग्रुप गेली नऊ-दहा वर्षं डोंगर चढतोय. पाय घसरल्याचे, वाट चुकल्याचे किस्से आमच्याकडे दोन-तीनच. बाकी सगळे पाण्याचे. आणि त्यातले बहुतेक माझे, कारण पाणी माझ्याकडे.

मी पेणला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लोकांच्या पोटात काय काय राहतं, ते सकाळी नऊपासून मायक्रोस्कोपमधून बघायचं, हे माझं काम. शिवाय माहेर खारेपाटातलं. वडील मिठागरावर. घराच्या तिन्ही बाजूंना खाडी, आणि प्यायचं पाणी टँकर येईल तेव्हा. म्हणजे पाण्याची धास्ती मला जन्मापासूनही आहे आणि नोकरीमुळेही! अशा बाईला ग्रुपने पाण्याची इन्चार्ज केलं.

आमच्यातली दोन माणसं ओळखून ठेवा. एक म्हात्रे सर. आमचे लीडर, शाळेत भूगोल शिकवतात, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत. दुसरा दिगंबर. रोह्याचा, धाटावला कंपनीत शिफ्टमध्ये. वीस किलोची सॅक पाठीवर घेऊन चढावर गाणी म्हणतो, पण साधा ताप आला तर बायकोला बोलावून निरवानिरवीची भाषा करतो.

*

अवचितगडावर गेलो तेव्हा आमच्याकडे फिल्टरबिल्टर काही नव्हतं. वर टाक्यात हिरवं, थंडगार पाणी. रुमालातून गाळलं आणि सगळे पोटभर प्यायले. दिगंबर एकटा दोन लिटर. मी घरून नेलेली बाटली पुरवून पुरवून संपवली, आणि रिकामी झाल्यावर त्यात टाक्यातलं पाणी भरून घेतलं.

"ताई, तीर्थ नेतेस काय?" दिगंबर हसला.

सोमवारी लॅबमध्ये पेशंट कमी होते. एक थेंब काचेवर घेतला, मायक्रोस्कोपखाली ठेवला, भिंगाला मोबाईल लावून वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही.

 मग दिगंबर.

"ताई, हे काय हाय?"

"आपल्या टाक्यातलं पाणी."

"त्यात ते लांबडं काय हलतंय?"

"पोहतंय."

"जिवंत हाय??"

"मजेत आहे."

खरं तर त्यातले बहुतेक निरुपद्रवी होते. हे मी लगेच लिहायला हवं होतं, पण एक पेशंट आला आणि राहून गेलं. दोन तासांनी बघते तर दिगंबर सुट्टी टाकून रोह्याहून थेट लॅबच्या दारात! हातात झाकणाची डबी, तोंडावर रक्त नाही.

"ताई, आत्ताच्या आत्ता बघ. मला आत काहीतरी हलल्यासारखं वाटतंय."

बघितलं. काही नव्हतं. त्याचं समाधान होईना. आठवड्याने परत डबी. परत काही नाही. पंधरा दिवसांनी तिसरी डबी. मी म्हटलं, "अरे, तुझा रिपोर्ट माझ्यापेक्षा चांगला आहे. एकही जंतू नाही."

त्याने रिपोर्ट उलटा करून मागची कोरी बाजूही बघितली. मग हळूच म्हणाला, "म्हणजे आता लपायला शिकलं काय?"

*

मग फिल्टर आला. टांगायचा. वर मळक्या पाण्याची पिशवी झाडाला अडकवायची, तिला नळी, नळीच्या मध्ये मुठीएवढा फिल्टर, आणि खालच्या टोकाला स्वच्छ पाणी. फिल्टरच्या आत केसांसारख्या बारीक पोकळ नळ्यांचा झुपका असतो. जंतू त्यात अडकतात. वस्तू उत्तम, फक्त एक गोष्ट आहे. तो दगडावर पडला तर आतल्या नळ्यांना चीर जाऊ शकते, आणि बाहेरून काही म्हणजे काही दिसत नाही. पाणी तसंच पडत राहतं. स्वच्छ दिसतं. पण ते गाळलेलं आहे की नाही, देव जाणे.

हे मी सगळ्यांना दहा वेळा सांगितलं होतं. म्हणून तर दिगंबर घाबरला!

तीन दिवसांचा ट्रेक, चौदा माणसं. पहिल्या दिवशी फिल्टर त्याच्या सॅकमध्ये होता. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तो माझ्याशेजारी येऊन बसला. उगाच गवताच्या काड्या मोडत.

"ताई, एक सांगू? रागावणार नाहीस ना?"

मी आजवर बरेच वाईट रिपोर्ट हाताळलेत. पण या वाक्याइतकी भीती मला कशाचीच वाटत नाही.

"काल सकाळी फिल्टर जरासा पडला."

"जरासा म्हणजे?"

"खडकावर."

"किती उंचीवरून?"

त्याने बसल्या बसल्या हात डोक्याच्या वर नेला. मग उभा राहून अजून वर नेला.

काल सकाळपासून चौदा माणसं ते पाणी पीत होती. त्यात सरांचे साडू, ज्यांना डायबेटिस. त्यात कॉलेजच्या दोन मुली, ज्यांच्या आयांना मी स्वतः फोनवर सांगितलं होतं, "पाण्याचं बघायला मी आहे, काळजी नको." मी फिल्टर काढून ठेवला. तिथल्या तिथे चूल पेटवली आणि परत येईपर्यंत प्रत्येक थेंब उकळून दिला. घरी आल्यावर पुढचे दहा दिवस मी सकाळी उठले की आधी फोन बघायची, कोणाच्या पोटाची बातमी आहे का. कोणाला काही झालं नाही. फिल्टर फुटला होता की नव्हता, ते मला आजही माहीत नाही.

सरांनी दिगंबरला ओरडायचं टाळलं. फक्त पुढच्या ट्रेकच्या सूचनांमध्ये पहिली ओळ अशी आली: "फिल्टर पडल्यास ताबडतोब कळवावे. माणूस पडल्यास सवडीने कळवले तरी चालेल."

*

सरांबद्दल एक सांगितलंच पाहिजे. हा माणूस गुपित ठेवू शकतो. आणि ते किती भयंकर असू शकतं ते मला एकदाच कळलं.

नागोठण्याच्या बाजूचा एक किल्ला. संध्याकाळी पोचलो, उजेड कमी झाला होता. कातळात खोदलेलं खांबटाकं, आत लांबवर अंधार. मी पुढच्या कडेवरून पाणी घेतलं, फिल्टर केलं, वर औषधाचे थेंबही टाकले. सगळे प्यायले, त्यातच खिचडी झाली, सकाळी चहाही झाला.

चहानंतर सर बॅटरी घेऊन टाकं बघायला गेले. भूगोलाचा माणूस, त्यांना खडक बघायचा असतो. पाच मिनिटांनी परत आले ते वेगळेच. "चला, निघायचं. आवरा. लगेच!"

"सर, अजून पाणी भरायचंय."

"नको. खाली भरू."

"पण सर, चार तासांची उतरण आहे..."

"नंदा, नको म्हटलं ना."

सर माझ्याशी या आवाजात कधी बोलत नाहीत. मी रिकाम्या पिशव्या गुंडाळल्या. उतरताना तहानेने सगळ्यांचे हाल झाले, तरी सर कारण सांगेनात. फक्त अधूनमधून एकेकाला विचारत, "बरं वाटतंय ना? पोटबीट?" खाली स्टँडवर पोचल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा फिल्टर चांगला आहे हो."

"का सर?"

"असंच."

आता सांगा, झोप लागेल? मी आठवडाभर विचारत राहिले. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन. "सगळे बरे आहेत का गं?" बरे होते. तिसऱ्या आठवड्यात परत फोन. "अजून कोणाला ताप, जुलाब, कावीळ?" नाही. "किती दिवस झाले?"

"एकवीस, सर."

"कावीळ किती दिवसांत कळते?"

"महिना-दीड महिना जाऊ शकतो."

"बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला!

दोन महिन्यांनी आले लॅबमध्ये. स्टुलावर बसले, घाम पुसला. "नंदा, त्या टाक्यात, आतल्या खांबाच्या मागे, एक वानर होतं."

"म्हणजे?"

"पोहत नव्हतं."

*

उन्हाळ्यातला एक छोटासा सांगते. पेणजवळचाच डोंगर, मे महिना, रानात पाणी एकाच टाक्यात उरलेलं. मी पिशव्या घेऊन एकटीच खाली उतरले. वाकले, आणि पिशवी पाण्याला लावली तेव्हा लक्षात आलं की टाक्याची ओली कड काळी दिसतेय ती शेवाळामुळे नाही.

आग्या मधमाश्या! पाणी प्यायला आलेल्या. शेकडो. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर. एक मनगटावर येऊन बसली, एक कानाशी.

त्या चावल्या तर काय होतं, हे मला रिपोर्टच्या कागदावर नीट माहीत आहे. पळाले तर मेले, हेही माहीत होतं. मग मी काय केलं? काहीच नाही. अंगातलं हलणं बंद केलं. पिशवीचं तोंड पाण्यात तसंच धरून ठेवलं. पाणी आत जाताना बुडबुडा आला तरी काळजात धस्स व्हायचं. डोळ्यांत घाम उतरला, पुसता येईना. वरून दिगंबर हाक मारेल या भीतीने मनात त्याला शिव्या देत होते. पण तो झोपला होता, देवाची कृपा.

किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू त्या उडून गेल्या, दहा-वीस उरल्या, तशी मी एकेक पाऊल मागे सरकले. दोन पिशव्या भरून वर आले.

सर घड्याळ बघत म्हणाले, "नंदा, चाळीस मिनिटं? दोन पिशव्यांना?"

"सर," मी म्हटलं, "रांग होती!"

*

शर्वरीचा किस्सा ग्रुपमध्ये तिच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हता. आता ती म्हणते, सांग खुशाल.

शर्वरी कासूची. रोह्याला बँकेत आहे, ट्रेनने जाते-येते. सोप्या चढाचा, एका मुक्कामाचा ट्रेक होता. दुपारी पठारावर पोचल्यावर तिने मला बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं, "नंदाताई, तिसरा महिना लागलाय. घरी फक्त ह्यांना माहितीये. डॉक्टरांनी चालायला हरकत नाही म्हटलंय."

मला आनंद झाला. मिठी मारली. आणि मिठीत असतानाच तिच्या हातातली बाटली दिसली. गळ्याला लाल पट्टी.

लाल पट्टी म्हणजे न गाळलेलं पाणी! आमच्याकडे नियम आहे. डबक्यातलं, ओढ्यातलं कच्चं पाणी लाल पट्टीच्या बाटलीत. ती कोणी तोंडाला लावायची नाही.

"शर्वरी, ही बाटली कुठून घेतलीस?"

"झाडाखाली होती. का?"

"किती प्यायलीस?"

तिने बाटली वर करून बघितली. "अर्धी. थंडगार होतं."

ते पाणी मी तासाभरापूर्वी ओढ्यातल्या कोंडीतून, म्हशी बसतात त्या डबक्यातून, भरलं होतं.

मी तिला काय सांगितलं असेल? काही नाही. म्हटलं, "काही नाही गं, माझी बाटली होती." कारण ती घाबरली असती, आणि पठारावर घाबरून उपयोग काय होता? तिला न घाबरवता मी सरांना म्हटलं, माझं पोट बिघडलंय, मला खाली नेऊन सोडा, सोबतीला शर्वरी येईल. दिगंबर मला टोमणे मारत राहिला, "पाण्याच्या इन्चार्जचंच पोट बिघडलं!" मी ऐकून घेतलं.

खाली आल्यावर तिला खरं सांगितलं. ती एसटीच्या थांब्यावर बसून रडली. मी तिच्यासोबत तिच्या डॉक्टरांकडे गेले. पुढचे दोन महिने तिच्या सगळ्या तपासण्या मी माझ्या हाताने केल्या.  दोनदा तर काच भिंगाखाली सरकवून लॅबमधल्या दुसऱ्या मुलीला म्हटलं, आधी तू बघ, मग मला सांग.

काही निघालं नाही. मुलगी झाली, गुटगुटीत. बारशाला मी गेले. नाव ठेवलं नीरा. शर्वरीच्या सासूबाई कौतुकाने मला सांगत होत्या, "काय गोड नाव शोधलंन बघा आमच्या सुनेने! कुठून सुचलं, सांगतच नाही मेली."

*

आणि ऑगस्टमधला तो ओढा. आम्ही सहाजण ओढ्याच्या मधल्या मोठ्या कातळावर बसलो होतो. पिशवी फांदीला टांगलेली, नळीतून पाणी गळतंय, दिगंबर भेळ कालवतोय. आमच्या डोक्यावर पाऊस नव्हता. वर डोंगरावर होता, पण तो आम्हाला दिसत नव्हता.

सरांनी पाण्यात पाय सोडले होते. एकदम ते पायांकडे बघायला लागले.

"नंदा, मघाशी मला माझी नखं दिसत होती."

मी बघितलं. पाणी चहासारखं झालं होतं.

"उठा!" सर ओरडले. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज. "सामान राहू दे! उठा!"

आम्ही काठाकडे पळालो. पाणी घोट्याला होतं ते गुडघ्याला आलं, शेवटच्या चार पावलांत मांडीला. दिगंबरने मला दंडाला धरून ओढलं, अजून तिथे वळ आठवतो. वर चढून मागे वळलो तर कातळ नव्हता. फांदी नव्हती. लाल पाणी, आणि त्यात गर्रकन फिरत चाललेलं भेळेचं पातेलं.

 दहा मिनिटांनी दिगंबर म्हणाला, "आपण पाणी न्यायला आलेलो ना? आज पाणीच आपल्याला न्यायला आलं हुतं."

*

आता शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही, कारण ह्यात माझीच अक्कल निघते.

मार्च महिना. रोह्याकडचं रान, जागेचं नाव मुद्दाम सांगत नाही. आम्ही बाराजण. ओढा आटलेला, मध्ये मध्ये कोंडी उरलेल्या. त्यातली एक इतकी नितळ की तळाचे गोटे मोजता यावेत. आणि कडेच्या दगडांवर खेकडे! भर दुपारी, उन्हात, पन्नास-साठ तरी. कोणी जवळ गेलं तरी पाण्यात उडी मारत नव्हते. सरांनी धडाधड फोटो काढले. सगळ्यांनी काढले. मीही काढले.

मग मी पिशवी टांगली. माझी एक सवय आहे. पहिला ग्लास मी पिते. मग अर्धा तास पुढच्या बाटल्या भरत बसते, आणि मगच वाटते. दिगंबर म्हणतो, ताई देवाच्या आधी जेवते. त्या दिवशी मला सर्दी होती, नाक बंद. एका दमात ग्लास संपवला.

दुसरी बाटली भरत आली तेवढ्यात वरच्या वाटेने एक म्हातारी उतरली. डोक्यावर लाकडाची मोळी. वरच्या वाडीतली, तिचं नाव चांगुणाबाय, हे नंतर कळलं. तिने कोंडीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं, आणि मोळी तिथेच टाकून धावत आली.

"नको पिऊ गो! कोनी पिऊ नका!"

आम्हाला वाटलं, पाण्यावरून काही वाद असेल. सर पुढे झाले. "आजी, आम्ही गाळून घेतो. हे बघा, फिल्टर आहे."

तिने सरांना हाताने बाजूला केलं आणि पायाने बाटली लवंडली. दिगंबर भडकला. "अवो, काय करता?"

"खेकडं वर बसलीत! दिसत नाय तुमाला? खेकडं पाण्यात रायला तयार नाय, आन् तुमी पिताव?"

 तिने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "कोन पिला?"

"मी," मी म्हटलं. आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की मघापासून माझ्या तोंडात लाळ सुटतेय आणि मी ती सारखी गिळतेय.

म्हातारी खाली बसली. कपाळावर हात मारून म्हणाली, "वरच्या कोंडीत कोनीतरी औषध टाकलंन. मासं मारायला. फवारायचा औषध."

फिल्टर गाळ अडवतो, जंतू अडवतो. पाण्यात विरघळलेलं विष अडवत नाही. हे मीच सगळ्यांना शिकवलंय. पहिल्या ट्रेकला येणाऱ्या प्रत्येकाला शिकवते.

पुढचं मला तुटक आठवतं. पोटात पीळ पडला, उलट्या झाल्या, अंगाला धो धो घाम. सरांचा चेहरा धुक्यातून दिसावा तसा दिसायला लागला. दिगंबरने सॅक फेकली आणि मला पाठीवर घेतलं. दीड तासाची उतरण होती. चांगुणाबाय पुढे, जवळची वाट दाखवत. वाटेत मी एकच गोष्ट बोलत होते म्हणे. "सॅम्पल घ्या. पाण्याचं सॅम्पल घ्या." सर म्हणाले, "घेतलंय बाळा, घेतलंय," आणि मला कळलं की सर रडतायत. तोपर्यंत मी घाबरले नव्हते.

खाली जीप मिळाली. दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. त्याने डोळ्यांत बॅटरी मारली आणि नर्सला म्हणाला, "बाहुल्या बघा, टाचणीच्या टोकाएवढ्या." मग दिगंबरला विचारलं, "ह्यांनी काय घेतलं? घरात भांडण वगैरे?"

"नाय वो साहेब! फिल्टरचं पाणी पिली!"

इंजेक्शनं सुरू झाली. एकामागून एक. श्वास घेताना छातीत पाणी भरल्यासारखा आवाज येत होता, तो माझाच आहे हे मला बराच वेळ कळत नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की मी आज अर्धा तास थांबले नसते तर बाकीचे अकराजण माझ्या दोन्ही बाजूंच्या खाटांवर असते.

चार दिवसांनी घरी सोडलं. पाचव्या दिवशी हातात फोन घेतला. ग्रुपवर सरांचा एक मेसेज होता. त्यांनी तो कोंडीपाशीच पाठवला होता, पण तिथे रेंज नव्हती. जीप गावाशी आली तेव्हा आपोआप गेला. फोटोत दगडांवर ओळीने बसलेले खेकडे, सगळ्यांची तोंडं पाण्याकडून फिरवलेली. खाली लिहिलेलं, "निसर्गाची किमया! भरदुपारी खेकड्यांची सभा!"

सोळाजणांनी अंगठे दिले होते. मी खाडीकाठची. लहानपणी चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडेच, पकडण्यात माझा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. मी तो फोटो किती वेळा बघितला असेल, सांगता येत नाही.

महिन्याभराने मी, सर आणि दिगंबर चांगुणाबायच्या वाडीवर गेलो. साडी नेली, मिठाई नेली, आणि एक नवा फिल्टर नेला. तिने मला अंगणात बसवलं, तोंडावरून हात फिरवला, "वाचलीस गो बाय," म्हणाली. प्यायला पाणी दिलं. मी ग्लास हातात धरून बसले. ती बघत राहिली. शेवटी तिनेच माझ्या हातातून ग्लास घेतला, अर्धा आपण प्यायली आणि उरलेला मला दिला. तेव्हा प्यायले.

मग मी तिला फिल्टर दाखवला. पिशवी कशी टांगायची, नळी कुठे लावायची, आत किती बारीक नळ्या असतात, जंतू कसे अडकतात, पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तर कसं धुवायचं, सगळं सांगितलं. कॉलेजच्या मुलींना सांगते तसं, नीट, दोनदा.

चांगुणाबायने सगळं मन लावून ऐकलं. फिल्टर हातात घेतला, उलटसुलट केला, एका डोळ्याने आत बघितलं, कानाशी नेऊन हलवला. मग तो माझ्या हातात परत ठेवून तिने विचारलं,

"आन् ह्यात खेकडं कुठं बसतात?"